रविवारचा फोटो, घड्याळासकट

आमच्या ह्यांना डेपोत सगळे 'एक्सरे' म्हणायचे. हे बसचे तिकीट तपासनीस. मधल्याच कुठल्या तरी थांब्यावर चढायचे आणि दारात उभ्या उभ्या अख्ख्या बसवर एक नजर फिरवायचे. तिकीट कोणाकडे नाही ते हात पुढे करायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं. "खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो ना, तो फुकट्या," असं त्यांचं म्हणणं. नोकरी संपली तेव्हा टोपी आणि बिल्ला परत केला, ती नजर मात्र घरी घेऊन आले. ती कोणी परत मागितली नाही आणि तेव्हापासून मी भोगतेय.

भाजीवाल्यानं पिशवी बांधून दिली की हे ती सोडून बघणार. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की आधी पाकिटावरची तारीख बघणार, मग डॉक्टरचा चेहरा. मी शेजारणीकडे जाऊन आले तर "काय म्हणाली?" असं कधी विचारलं नाही. "एवढा वेळ काय म्हणत होती?" असं विचारायचे. माणूस वाईट नाही हो. पण अशा माणसाबरोबर संसार केला की आपणही चहात साखर टाकताना डब्याकडे संशयानं बघायला लागतो.

ह्यांचा दुसरा नाद फोटोंचा. साधा कॅमेरा होता, आणि घरात कडक नियम होता की कोणी उभं राहून हसायचं नाही. त्यामुळे आमच्या अल्बमात मी नखं कापतेय, मुलगा अभ्यासाच्या वह्यांवर तोंड उघडं टाकून झोपलाय, आणि लेक दात घासताना आरशाला जीभ दाखवतेय. रोल धुऊन आला की रविवारी जेवणं उरकून आम्ही गोल करून बसायचो. ज्याच्या हातात फोटो, त्यानं त्यामागची गोष्ट सांगायची. सांगून झाली की हे उलटतपासणी घ्यायचे. मुलं हसून लोळायची. लेकीला तर हा खेळ फारच प्रिय होता, ती मुद्दाम गोष्टीत एक खोटं घालायची आणि बाबांना ते सापडतं का बघायची.

मुलं लांब गेली, फोन आले, तसा खेळ फोनवर गेला. 'रविवारचा फोटो' असा आमचा ग्रुप झाला. त्यात आम्ही दोघं, मुलगा, लेक आणि माझे धाकटे दीर. फोटो त्याच आठवड्यातला हवा, रोजच्या जगण्यातला हवा, आणि खाली चार ओळींत गोष्ट हवी. दिरांनी एकदा स्वतः फाटक रंगवतानाचा फोटो टाकला. ह्यांचं लगेच उत्तर, "ब्रश धरलेल्या हाताच्या एकाही नखाला रंग नाही. रंगारी कुठे उभा आहे?" दीर रागानं ग्रुप सोडून गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत आले. मी एकदा वाळत घातलेल्या चादरीखाली झोपलेल्या मांजरीचा फोटो टाकला, तर म्हणाले, "कान उभे आहेत. झोपलेली नाही, तू उचलून ठेवलीस." ठेवली होती, आता काय सांगू!

लेकीच्या फोटोंवर मात्र हे खूश असायचे. लग्न होऊन ती सासरच्या गावी गेली, तेव्हापासून तिच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात का होईना, घड्याळ दिसायचं. ती चहा गाळतेय आणि वर भिंतीवर घड्याळ. ती खिडकी पुसतेय आणि मनगटावर घड्याळ, तेही नीट आकडे दिसतील असं. "बघ," हे मला म्हणायचे, "पुराव्यासकट बोलते. माझी शिकवण आहे." जावईही ह्यांचा लाडका. लग्न ठरायच्या आधी तो पहिल्यांदा घरी आला, भिंतीवरचा एक फोटो निरखून बघितला आणि म्हणाला, "ह्यात तुमच्यामागे अर्धा दिसतोय तो माणूस कोण?" झालं, हे विरघळले. मुलगा चौकस आहे, म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण ह्यांच्या घरात माझ्या पालीला कोण विचारतो.

तर, एका रविवारी हे फोन डोळ्यांजवळ धरून बसले ते उठेचनात. मग मागचे फोटो काढून एकेक मोठा करून बघायला लागले. चहा निवला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," म्हणाले.

"कोणाच्या घरात?"

"आपल्या लेकीच्या. ही खिडकीतली कुंडी बघ. खालचं पान पिवळं आहे. मागच्या रविवारीही पिवळंच होतं, त्याच्या मागच्याही. पिवळं पान गळत कसं नाही?"

"झाड प्लॅस्टिकचं असेल."

"आणि उन्हाचं काय? घड्याळात कधी सकाळ, कधी संध्याकाळ. पण गजांची सावली भिंतीवर त्याच जागी. हे सगळे फोटो एकाच दुपारचे आहेत. साड्या बदलल्यात, काटे फिरवलेत, आणि दर आठवड्याला एकेक पाठवतेय."

मी फोन हिसकावून घेतला. सावली खरंच तिथल्या तिथे होती. एकाच दुपारी एवढे फोटो काढून ठेवायचे म्हणजे पुढचे फोटो काढता येणार नाहीत हे तिला माहीत होतं. ती त्या घरात नव्हती. मग कुठे होती?

"फोन करा," मी म्हटलं.

"अजिबात नाही. चेकर कधी कळवून चढत नाही."

मी चोरून केला. तिनं उचलला, आवाज नेहमीसारखाच. "काय करतेयस?" विचारलं तर म्हणाली, "भांडी लावतेय." आणि मागे कुणीतरी माणूस मोठ्यानं म्हणत होता, "पुढची ओळ वाचा, खालची वाचा." तेव्हा मात्र माझाही जीव टांगणीला लागला. भांडी लावताना कोण कोणाला ओळी वाचायला लावतं?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो. रस्ताभरात हे एकदाच बोलले, "हिचंच काही चाललं नसेल ना?" मी इतक्या जोरात "गप्प बसा" म्हटलं की कंडक्टरनं वळून पाहिलं. स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

दार जावयानं उघडलं. दाढी वाढलेली. आम्हाला बघून पहिलं वाक्य काय, तर, "ती कुठाय?"

"आम्ही तेच विचारायला आलोय," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही?"

"तुम्हाला माहीत नाही?"

दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. एक दारातून बाजूला होईना, दुसरा आत शिरेना. शेवटी मीच दोघांच्या मधून आत गेले. भिंतीवर ते घड्याळ, खिडकीत ती कुंडी. पिवळं पान खाली गळून वाळून गेलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच कप.

"मी तिला कधी हात लावला नाही," जावई म्हणाला. कोणी तसं विचारलंही नव्हतं. "आवाजसुद्धा चढवला नाही. मी मागत काय होतो? फोटो. बाहेर असली की कुठे आहे त्याचा फोटो, घरी असली की घरी आहे त्याचा. घड्याळासकट, म्हणजे जुना फोटो पाठवता येणार नाही. एवढ्याशा गोष्टीवर कोणी घर सोडतं? तुमच्या घरचीच पद्धत आहे ना ही? तिनंच मला लग्नानंतर हौसेनं सांगितली होती."

ह्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. इतकी वर्षं ज्या घड्याळाचं कौतुक चाललं होतं, ते आमच्यासाठी नव्हतंच. नवऱ्याला हजेरी देताना काढलेले फोटो ती रविवारी आम्हाला पाठवायची, आणि आम्ही तिला शाबासकी द्यायचो.

जिना उतरताना मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले. "पण कारणाशिवाय माणूस इतका संशय कशाला घेईल?"

खाली फाटकाशी उभं राहून लेकीला फोन लावला आणि म्हटलं, "आम्ही तुझ्या दारात आहोत आणि तू तिथे नाहीस." मग तिनं पत्ता सांगितला.

चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात ना, तिथे. मालकिणीनंच दुकानावरची खोली राहायला दिली होती. खोलीत एक कॉट, एक खुर्ची, दोरीवर कपडे. भिंती कोऱ्या. लेक वाळली होती, पण चेहरा कसा निवांत दिसत होता. मला बघून गळ्यात पडली. बाबांना म्हणाली, "सापडलं ना तुम्हाला?"

"सावली," हे म्हणाले.

"अरे देवा. उन्हाचं लक्षातच नाही आलं." आणि बापलेक दोघं हसले! मला काय करावं कळेना. मी खोलीभर नजर फिरवली. दुसऱ्या कोणाची चप्पल आहे का, बनियन आहे का. होय, फिरवली. खोटं कशाला सांगू.

"आम्हाला आधी सांगायचं नाही का गं?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? तो संशय घेतो, पण कशावरून?"

हे खुर्चीवर खाली बघत बसले. तिला घरी न्यायचं हे आम्ही बसमध्ये न बोलताच ठरवलं होतं. मी रिकामी पिशवीसुद्धा बरोबर घेतली होती. मी तिची समजूत घालायला लागले, तुझी खोली तशीच आहे, चार दिवस आराम कर, पुढचं पुढे बघू. ती ऐकत होती, नाही म्हणत नव्हती. मग अचानक उठून तिनं आपला फोन ह्यांच्यासमोर धरला.

"बाबा, वाचा. सगळं आहे ह्यात. वाचलं म्हणजे तुमचा विश्वास बसेल, मग जाऊ."

ह्यांनी फोन घेतला. मी खांद्यावरून वाचत होते. *कुठे आहेस. फोटो पाठव. घड्याळ नीट दिसत नाही, परत काढ. मागे कोणाची बाही आहे? हसतेयस कोणाकडे बघून?* वर जावं तितकं तेच. आणि प्रत्येकाखाली माझ्या लेकीचा फोटो. बसथांब्यावर, वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर आमच्याच घरी, ती माहेरी आली होती तेव्हा, माझ्या स्वयंपाकघरात. मी शेजारी उभी असताना काढलेला असणार तो. मला काही कळलं नव्हतं.

ह्यांची मान खाली गेली होती. चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि पोरीला जवळ घेईल. मी वाटच बघत होते. ह्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे मधला एक मेसेज तू खोडलायस. त्यात काय होतं?"

ह्यांनाच आपण काय बोललो ते कळलं, कारण लगेच म्हणाले, "तपासत नाही गं, सहज विचारलं."

लेकीनं हळूच त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "त्यात मी त्याची माफी मागितली होती, बाबा. बस उशिरा आली म्हणून. नंतर माझी मलाच लाज वाटली, म्हणून खोडला. एवढं पुरे, की अजून काही बघायचंय?"

ह्यांनी रिकामा झालेला हात मांडीवर ठेवला.

"मी नाही येत घरी," ती म्हणाली. रडत नव्हती. "रागावले नाहीये. तुम्ही माझ्यावर जीव टाकता, ठाऊक आहे मला. पण आता मला कोणालाच काही दाखवायचं नाहीये."

मी पिशवीची घडी घातली आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा. मी राहते इथे."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी का, कशाला, केव्हापर्यंत, काही विचारलं नाही. दारात एकदा थांबले. लेकीकडे बघितलं आणि जिना उतरून गेले. पाठमोरे इतके म्हातारे दिसले की माझा सगळा राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं.

दिवेलागणीला फोन आला. लेक कॉटवर बसून दोरीवरचे कपडे घड्या करत होती. आम्ही दोघी दुपारभर अवाक्षर न बोलता छान झोपलो होतो.

"पोचलो," हे म्हणाले.

"इतक्यात? आणि मागे तो आवाज कसला येतोय? तुम्ही घरीच आहात ना नक्की?"

लेकीचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नळाचा आवाज आहे," हे पलीकडून सांगत होते. "चहाचं भांडं धुतोय. हवं तर फोटो पाठवतो."

"नको," मी म्हटलं. "पोचलात ना? मग झालं."

लेकीनं पुढचा कपडा उचलला.