कोळशाच्या टाकीत गूळ

काल ओटा अर्धा सारवून झाला होता, तेवढ्यात नगरची लॉरी खोकत आली आणि आमच्या दाराशीच बंद पडली. माझे हात शेणात, हे शाळेत गेलेले. सहादेव ड्रायव्हर ओल्या ओट्याच्या कडेला थांबून म्हणाला, "बाई, एखादं धुतलेलं फडकं द्या. अन् कोरडा कोळसा."

सहादेव मूळचा पाथर्डीचा. आठ वर्षं तो आमच्या तिसगाववरून लॉरी नेतो आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मालकाने लॉरीच्या पाठीशी कोळशाची उंच टाकी बसवली. कोळसा आत धुमसतो, त्याचा गॅस कापडाच्या गाळणीतून इंजिनात जातो. ती टाकी सहादेव जितकी जपतो, तितकी मी समईही जपत नसेन. कोळसा ओलसर लागला तर वखारवाल्यासमोर पोतं उपडं करून येतो. तोंडाचा फटकळ आहे, हे सगळा रस्ता जाणतो.

काल मात्र तो हळू बोलत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्याने जुनी गाळणी काढून दाखवली. डांबरासारखी काळी, चिकट, आणि वास गुळाचा.

"गूळ कुठून आला?" मी विचारलं.

"त्यांस्नी इचारा."

मालकाचे मेहुणे काकासाहेब लॉरीतून उतरत होते. "वहिनी, चहा मिळेल का? करंजीचा घाट सुखरूप ओलांडला, म्हटलं अग्नीला नैवेद्य दाखवावा. गूळ, खोबरं, तूप टाकलं टाकीत. यात चुकलं काय? याने आंघोळ केली नसेल, म्हणून देव रुसला."

"मी चाकाला दगूड लावीत हुतो, तवा झाकन उघडलं ह्यांनी," सहादेव म्हणाला. "पाथर्डीला आज रेशनचा वार हाय, बाई. समदी ज्वारी माझ्या लॉरीत. माझी आई, रंगुबाई, सकाळपासनं त्या रांगेत हुबी. दिवेलागनीला दुकान बंद झालं की पुढं आठ दिस दाना न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही रोज चुलीला घास घालते, भाताची चार शितं आणि तुपाचा थेंब. पण तो माझ्या चुलीला, माझ्या पानातला. लोकांच्या पोटाची ज्वारी नेणारी लॉरी बंद पाडून नाही. काकासाहेबांना मी हे तोंडावर सांगितलं. वर म्हटलं, चहा होणार नाही, साखर आम्हालाही रांगेतच मिळते.

ह्यांचं जुनं धोतर फाडून दिलं, शेगडीसाठी ठेवलेला कोळसा दिला. सहादेवने गॅसची नळी तारेने खरवडली. दोन तास त्यात गेले. टाकीने पुन्हा धग धरली, तर काकासाहेब दुसरा नारळ घेऊन पुढे झाले.

"त्या झाकनाला हात लावला तर हितंच ठिवून जाईन," सहादेव म्हणाला. "मंग सांगा तुमच्या दाजींना काय सांगायचं ते."

"सांगणारच आहे."

नारळ मी त्यांच्या हातून काढून घेतला आणि देवापुढे ठेवला.

आज सकाळी परतताना सहादेव थांबला. उशीर व्हायचा तो झालाच होता. लॉरी पोचली तेव्हा अर्धी रांग उठून गेली होती. रंगुबाई दुकानाच्या उंबऱ्यात बसून राहिली, दुकानदाराला कुलूप घालू दिलं नाही, म्हणून उरलेल्यांना तरी ज्वारी मिळाली.

"रांगेतनं उठल्याली वाडीची मानसं रिकाम्या पिशव्या घिऊन आठ मैल चालत गेली," तो म्हणाला. "अन् ह्यो गडी पहाटंच्या सर्व्हिस मोटारीनं नगरला पळाला, माझं गाऱ्हानं घिऊन."

जुन्या गाळणीचं गुळाने माखलेलं फडकं मी टाकलं नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळून सहादेवच्या हातात दिलं. म्हटलं, काही बोलू नकोस, मालकाला नुसता याचा वास दे.

त्याने ते सीटखाली ठेवलं. इथून त्याला नगरला, मालकाच्या वखारीत जायचं होतं.