आबांच्या सुरकुत्या

माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मी काढल्या. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

वर्षश्राद्ध आम्ही इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या आमच्या घरीच केलं. अंत्यविधीला मी नाशिकला पोहोचू शकलो नव्हतो. तो फोनवर पाहिला. (मध्येच नेट गेलं.) त्यामुळे माझ्या मुलीने, इराने, आबांचं चित्र काढायला घेतलं तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलेना.

शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला तिला एक युक्ती शिकवली होती. ओल्या जलरंगावर डबे झाकायची पारदर्शक क्लिंग फिल्म चुरगळून ठेवायची. रंग वाळला की घड्यांच्या रेषा कागदावर उमटतात. तिने ती आबांच्या कपाळावर आणि गालांवर दाबली आणि आंघोळीला गेली.

मी नैवेद्याचं ताट घेऊन आलो. श्राद्धाच्या दिवशी वडील प्लॅस्टिकमध्ये! मी ते ओढून काढलं.

"बाबा, नो!" इरा ओल्या केसांनी धावत आली. "इट वॉज स्टिल वेट! आबांचे रिंकल्स गेले!"

"परत लावू की."

"यू कान्ट जस्ट परत लावू!"

मी लावले. त्यासाठी आधी पाणी शिंपडलं, ते जास्त झालं. माझी बायको अनघा हेअर ड्रायर घेऊन आली. फिल्म उडाली आणि थेट खिरीत पडली! रंग पसरून कपाळ गुळगुळीत झालं, गाल गुलाबी.

"हे कोण?" अनघाने विचारलं.

"आबा."

"तुझ्यापेक्षा तरुण दिसतायत."

इरा रडायला लागली. "मला रिंकल्सच आठवतात. ते फोन इतका जवळ धरायचे ना!"

तेवढ्यात नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी चित्र लपवणार, तोच इराने ते कॅमेऱ्यासमोर धरलं. "सॉरी आजी. बाबांनी स्पॉइल केलं."

आई चष्मा सावरून तशीच बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा नेट गेलं.

"लग्नात असेच दिसत होते," ती म्हणाली. "जरा जवळ धर गं, पिल्ला."

आबांनी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत कोणाला काढू दिलं नव्हतं. मी हात लावला की म्हणायचे, "तुला घाई फार!" ते गेले तेव्हा मी वेळेत पोहोचलो नाही. प्लॅस्टिक काढायला मात्र वेळेआधी हजर होतो!