नोनी केव्हनीच्या दारात

किलव्हाऱ्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सकाळी शाळेत पोरींना घडवत आणि शाळा सुटली की दोघीदोघींनी गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जात. या दुसऱ्या कामात सिस्टर फिंटनचा हात धरणारं कुणी नव्हतं. दारुड्या टिअर्नीच्या शिव्या खात तिने त्याच्या पायाची जखम महिनाभर धुतली होती. फक्त एका घराची तिला बंदी होती, आणि ते तिच्या आईचं होतं. व्रत घेतलं की माहेर सुटलं. मग ते गल्लीच्या टोकाला का असेना.

एकोणीसशे एक्कावन्नच्या नोव्हेंबरात तिच्या आईने, नोनी केव्हनीने, अंथरूण धरलं. फिंटनचा भाऊ मॅलकी भिजलेली टोपी पिळत कॉन्व्हेंटच्या फाटकावर आला.

"अख्ख्या गावाचं हागमूत काढतेस," तो म्हणाला, "आणि आई तेवढी परकी होय गं?"

"मदरना विचारते."

"विचार बाई, विचार. तोवर आईला सांगतो, जरा दम धर म्हणून."

मदर अ‍ॅलाकॉक दुष्ट नव्हती, हीच तर पंचाईत होती. तिने फिंटनचा हात हातात घेतला. "माझे वडील गेले तेव्हा त्यांची शवपेटी मी खिडकीतून पाहिली, बाळ. हे दुःख देवाला वाहून टाक." मग मोठी सवलत द्यावी तसं म्हणाली, "सिस्टर बेनिग्ना जाईल आईकडे. तू सोबत जा, पण उंबरा ओलांडू नकोस." असली दया केली नसती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बेनिग्ना आत गेली. फिंटन पावसात दाराशी उभी राहिली.

"बाहेर कोण आहे रे?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"तुझी लेक आहे," मॅलकी म्हणाला.

"मग आत बोलाव की. गारठेल पोर."

बेनिग्ना दाराशी येऊन कुजबुजली, "ये गं. मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ."

फिंटनने चौकटीला हात लावला. घंटा वाजली की लिहीत असलेलं अक्षरही अर्धवट सोडून उठायचं, हे वीस वर्षं तिच्या अंगात मुरलं होतं. पाय काही उचलेना.

"का येत नाहीस गं?" म्हातारीने विचारलं. "मीच तुला तिकडे धाडली, म्हणून रागावलीस का माझ्यावर?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण बोलायची परवानगी फिंटनने मागितलीच नव्हती. बेनिग्नाला तिथेच सोडून ती कॉन्व्हेंटकडे धावत सुटली. आईला एक उत्तर देऊ का, म्हणून मदरला विचारताना तिला धाप आवरत नव्हती.

मदर थक्क झाली. "अगं वेडे, बोलू नकोस असं कधी म्हटलं मी?"

फिंटन तशीच परत पळाली. आता तिने उंबराही ओलांडला, कुणाला न विचारता. बेनिग्ना खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना म्हणत होती. मॅलकीने आईचे डोळे नुकतेच मिटले होते.

"शेवटपर्यंत तेच विचारत होती," तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "मी काय सांगणार? मलाही ठाऊक नव्हतं."