गोंदलेल्या भुवया

पन्नाशीनंतर पिल-सूनच्या भुवया पार झडल्या. कोरियातल्या गुन्सानच्या बाजारात सुके मासे विकायला बसण्याआधी ती रोज पेन्सिलीने त्या काढायची आणि ओठांना जरा रंग लावायची. हौस म्हणाल तर फारशी नव्हती. पण तसंच बसलं की गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, बरं नाही का?" आणि लावून बसलं की शेजारची कोळंबीवाली डोळा मारायची, "आज कोणासाठी गं?" बाईने नेमकं कोणतं तोंड घेऊन घराबाहेर पडायचं, ते एकदा कोणीतरी सांगून टाका, असं पिल-सून चिडून म्हणायची.

या सगळ्यांत वरचढ तिची नणंद होंग-जा. सणाला सोलहून यायची ती पावडर थापून, आणि जोडे काढता काढता सुरू व्हायची, "अगं, तोंडाला काही लावत जा. लोक म्हणतील, आमचा भाऊ हिला खायला घालत नाही." भाऊ कसला खायला घालतोय? नवरा ताल-सू कधीचा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते पिल-सूनच्या माशांवर. पण हे नणंदेला ऐकायचं नव्हतं.

ताल-सूला विसर पडत चालला होता. आधी मुलीचं नाव गेलं, मग स्वतःचं घर. बायको तेवढी राहिली, तीही भुवयांपुरती. पिल-सून तोंड धुऊन आली की तो तिचा हात झिडकारायचा. "ही कोण? माझ्या बायकोला भुवया आहेत." तिच्या हातची पेजही घेईना. शेवटी घरोघर जाऊन भुवया गोंदणाऱ्या बाईला तिने बोलावलं आणि दात आवळून गोंदवून घेतल्या. सूज उतरल्यावर ती धुतल्या तोंडाने त्याच्यापुढे बसली. तो म्हणाला, "आलीस?" आणि पेजेला तोंड उघडलं. शेवटपर्यंत त्याने तिला ओळखलं.

तो गेला. अंत्यविधीच्या दालनात फोटोपुढे पांढरी शेवंती मांडली होती. काळे कपडे घालून, केसांत सुतकाची पांढरी फीत लावून पिल-सून बसली होती. होंग-जाने फोटोपुढे डोकं टेकलं, वळली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"नवरा आत थंडगार पडलाय आणि ही भुवया कोरून बसलीय."

भेटायला आलेल्यांना तिथेच जेवण वाढलं होतं; सूप पिणाऱ्यांचे चमचे थांबले. सुतकात तोंडाला काही लावत नाहीत, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. होंग-जाने पर्समधून ओला कागद काढून तिच्या हातात कोंबला. "पूस."

पिल-सून संतापाने पुसू लागली. कातडी लाल झाली, सोलवटली, भुवया जागच्या हलल्या नाहीत. पांढराशुभ्र कागद तिने नणंदेपुढे धरला.

"गोंदलेल्या आहेत, वन्सं. आता कातडं काढून देऊ?"

"म्हणजे तो आजारी असताना तुझी ही थेरं चालली होती," होंग-जा म्हणाली. माना डोलल्या. पिल-सूनने कागद चुरगाळून मुठीत धरला. गोंदण्याचं कारण सांगितलं तर ती गयावया ठरली असती, आणि या लोकांपुढे तिला ती करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शवपेटीत ठेवण्याआधी, घरच्यांना बघायला आत घेतलं. तिथल्या माणसाने ताल-सूला आंघोळ घालून तागाचे कपडे चढवले होते. गालांना पावडर, ओठांना गुलाबी रंग. होंग-जाने हुंदका दिला.

"किती टवटवीत दिसतोय माझा भाऊ. अहो, ओठांना अजून थोडं लावा ना."

पिल-सून पुढे झाली आणि तिने त्या माणसाचा हात धरला. "काही लावू नका. ओलं फडकं द्या."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"काल मला पुसायला लावलंत ना, वन्सं? आज मी यांचं पुसते." तिने गालांवरून, ओठांवरून फडकं फिरवलं. खालचा पिवळट, खंगलेला चेहरा वर आला. "तोंड धुतलं की मी यांना ओळखू यायची नाही, म्हणून गोंदवल्या भुवया. मला हे असेच ओळखू येतात."