ॲप्रनच्या दुकानातला बंद कॉम्प्युटर

मी टेबलाखाली बसून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे स्क्रू काढत होते, तेवढ्यात दुकानाच्या शेटजींनी कामावरच्या पोरीच्या बापाला फोन लावला.

"घेऊन जा इले. कॉम्प्युटर बिगाडला इनं."

सावंगीत मेडिकलच्या पोरापोरींचे पांढरे ॲप्रन शिवणारं हे दुकान. सगळ्यांची मापं कॉम्प्युटरमध्ये. ती टाकणारी पोरगी वैशाली, रोहणा गावची. भिंतीला टेकून उभी होती.

"आजी, बाबा एकदा घेऊन गेले तं परत नाई पाठवत."

"मंग मले काम करू दे."

मी चौथी शिकलेली. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्याजवळ हात बसला. रेडिओ संपले, नवरा संपला, कॉम्प्युटर आले.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी, आणि आतून लांब लांब बीप. या मशीनमध्ये अशी बीप म्हणजे रॅम सापडत नाही. काम चालू असताना कॉम्प्युटर सगळं तात्पुरतं ज्यात धरून ठेवतो, ती पट्टी म्हणजे रॅम. इथे दोन होत्या. एक काढून दुसरीवर चालवलं. बीप. पहिलीवर चालवलं. बीप. दोन्ही पट्ट्या एकदम सहसा मरत नाहीत. म्हणून पट्ट्या बसतात त्या खाचांत, म्हणजे स्लॉटमध्ये, टॉर्च मारला. दोन्ही खाचा काळ्या, चिकट. बोट फिरवून वास घेतला. शिलाई मशीनचं तेल, आणि त्यात कापडाची लव रुतलेली.

"शेटजी, मशिनींले तेल कोन देते?"

"मीच. दर शुक्रवारी. दुसऱ्याच्या हाताचा भरोसा नाई मले."

"यालेही देल्लं?"

"पंखा कुरकुर करून राह्यला होता."

"पंखा वर हाय. तेल खाली हाय."

"उघडलंच होतं, तं जिथं फट दिसली तिथं दोन-दोन थेंब सोडले. तीस वर्षांत माही एक मशीन अडकली नाई."

"ही अडकली."

आयपीए नावाचं स्पिरिट ब्रशनं खाचांत फिरवलं, सुकू दिलं. पट्ट्यांची सोनेरी टोकं पुसली, खोडरबरानं घासली आणि टक आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. बटण दाबलं. एकच छोटी बीप, म्हणजे सगळं ठीक. स्क्रीन उजळली. मापं जागच्या जागी.

"जाय पोरी, बस कामाले," शेटजी म्हणाले. जसं काही झालंच नव्हतं.

"आन् तिच्या बापाचं?" मी विचारलं.

"करतो नंतर फोन."

"आता करा. तोवर मी झाकन लावत नाई."

शेटजींनी फोन लावला. "हां भाऊ, येऊ नका. नाई नाई, पोरीचं काई नाई. ते... तेल पडलं होतं."

मी झाकण मांडीवर घेऊन बसले.

"मी टाकलं होतं," शेटजी म्हणाले.

मी झाकण लावलं.

तेव्हापासून बंद मशीनपाशी गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: याची काळजी कोण घेतं?