अगर आणि आगर

जीप पादरा गावच्या बाजारातून बाहेर पडली तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून बाहेर पाहिले. तोवर मांडीवरच्या डब्याकडेच बघत बसले होते. पुढे पंड्यासाहेब, गाडी चालवायला रमणभाई, मागे आम्ही मायलेकी. सुनंदाची ही पहिली नोकरी, तीही तीन महिन्यांची. "परक्या माणसांबरोबर एकटी दिवसभर हिंडायचं नाही," असे तिचे बाबा म्हणाले, म्हणून मी सोबत. साहेबांनी एवढेच विचारले, "बेन, रोटलो भावशे ने?" (भाकरी आवडेल ना?) मी मान हलवली.

खंबातच्या आखाताकाठी नवे कारखाने येणार आहेत. त्याआधी तिथे आज काय आहे ते लिहून ठेवायचे, हे त्यांचे काम. सुनंदाकडे छापील तक्ते होते. प्रत्येकावर चार चौकटी: जमिनीवरचे नैसर्गिक, जमिनीवरचे मानवनिर्मित, पाण्यातले नैसर्गिक आणि पाण्यातले मानवनिर्मित. गवत, शेत, चिखल, तळे, जे दिसेल ते योग्य चौकटीत बसवायचे. साहेबांचा नियम एकच. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. अंदाजाने भरलेला एक जरी तक्ता सापडला, तर त्या माणसाला ते दुसऱ्या फेरीला आणत नाहीत.

जंबुसरनंतर कपाशी संपली आणि गांडो बावळ (वेडी बाभूळ) सुरू झाली. पुढे नुसता चिखल, नजर पोचेल तिथपर्यंत. मी रत्नागिरीची. मला लाटा हव्या होत्या.

"समुद्र कुठे आहे?" मी सुनंदाला हळूच विचारले. ते रमणभाईने ऐकले.

"फरवा गयो छे, मासी. हमणां आवशे." (फिरायला गेलाय. येईल आत्ता.)

चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या, अगदी आमच्या खाडीतल्यासारख्या. त्या पाहून जरा बरे वाटले. चेरची (तिवरांची) झाडे दोन जागी होती. एका जागी वेडीवाकडी, दुसरीकडे रांगेत लावलेली. सुनंदाने ती दोन वेगळ्या चौकटींत लिहिली. साहेब "शाबाश" म्हणाले आणि पलीकडच्या काठाकडे गेले.

मग समुद्र खरेच आला. लाट नाही, आवाज नाही, पाणी नुसते पसरत पुढे सरकत होते. बाभळींमागची एक जागा पाहायची राहिली होती. तिथे म्हशी चारणाऱ्या म्हाताऱ्याला सुनंदाने विचारले. तो हात करून म्हणाला, "त्यां तो अगर छे." (तिथे तर अगर आहे.)

"आई, आगर म्हणजे गं?"

शिकलेल्या मुलीने मला काही विचारावे, याचाच मला आनंद झाला. "अगं, नारळी-पोफळीची बाग. तुझ्या आजोळी नाही का?"

"बघून यायला हवं."

"पाणी चढतंय. चल आधी."

तिने 'जमिनीवरचे मानवनिर्मित' या चौकटीत लिहिले: नारळाची बाग.

दुपारी गावात मणीबेनच्या घरी जेवण होते. बाजरीचा रोटला, कढी, रिंगणाचे शाक (वांग्याची भाजी). भाजी अळणी लागली. मी मीठ मागितले, तर मणीबेनने जाडेभरडे खडे ताटात वाढले. "अमारा अगरनुं छे." (आमच्या अगरातले आहे.)

"अगरात मीठ?"

"तो बीजुं शुं पाके?" (मग दुसरं काय पिकणार?)

म्हणजे बाभळींमागे नारळ नव्हतेच. हात धुताना मी सुनंदाला सांगितले. तिचा चेहरा उतरला. "चहा झाला की सर तक्ते पाकिटात घालतील. गेली माझी नोकरी."

"मी सांगते."

"तू?" ती म्हणाली. तिचे बरोबर होते. सकाळपासून मी साहेबांशी एक शब्द बोलले नव्हते.

ते खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते. वीस वर्षांचे माझे बडोद्याचे गुजराती नेमके तेव्हाच पळाले. मी मराठीतच म्हणाले, "साहेब, तक्त्यातले नारळ चुकीचे आहेत. मी सांगितलं म्हणून पोरीने लिहिलं."

त्यांनी तक्ता उघडला आणि असे हसले की चहा धोतरावर सांडला. "बेन, आ खारा पाटमां तो नाळियेरनुं अथाणुं थई जाय!" (या खाऱ्या रानात नारळाचं लोणचं होईल!) मग हसणे थांबवून त्यांनी सुनंदाकडे पाहिले. "जोयुं हतुं?" (पाहिलं होतंस?)

"नाही, सर."

रमणभाईसुद्धा सुपारी चघळायचा थांबला.

"हे बडोद्याला टाइप होऊन गेलं असतं," साहेब गुजरातीत सावकाश म्हणाले, "तर तुमची बाग कागदावर कायमची उभी राहिली असती. मणीबेनचं अगर मात्र कुठेच नसतं. मग कारखान्यामुळे ते गेलं असतं, तर तिने कुणाला काय दाखवलं असतं?" त्यांनी चपला घातल्या. "चालो, जोई आवीए." (चला, बघून येऊ.)

बाभळींमागे पाण्याचे चौकोन होते, आरशासारखे, काही गुलाबीसर. एक माणूस गुडघ्यापर्यंत उघड्या पायांनी दाताळे ओढत होता. कडेला मिठाचे पांढरे ढीग. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

"हवे तमे कहो, बेन," (आता तुम्हीच सांगा) साहेब म्हणाले. "कोणती चौकट?"

"पाणी समुद्राचं आहे," मी चाचरत म्हणाले. "पण बांध माणसाने घातलेत."

"तो?" (तर मग?)

"पाण्यातले मानवनिर्मित."

"लखो, सुनंदाबेन. अने बीजी फेरीमां मासीने पण लावजो." (लिहा. आणि दुसऱ्या फेरीला मावशींनाही आणा.)

दुसरी फेरी! सुनंदाने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

परतताना पादरा गावात रमणभाईने शिंग (भाजलेले शेंगदाणे) घेतले. पुडी हातात धरून मी विचार करत होते. आमच्या बोलण्यात मिठागर हा शब्द आहेच. त्यातच आगर आहे. जन्मभर तोंडात असलेला शब्द, पण माहेरच्या नारळांपुढे मला तो दिसलाच नाही. आणि सांगायला उठले नसते, तर एका शब्दापायी दोन घरांचे नुकसान झाले असते. आता मात्र छाती हलकी झाली होती. विश्वामित्रीचा पूल आला तेव्हा मी चक्क रमणभाईला शेंगदाणे दिले.

नागरवाड्यात घरी पोचलो तर हे नुकतेच कोयलीहून कामावरून आले होते.

"मग, काय पाहिलंत?"

"आगर, बाबा," सुनंदा म्हणाली.

"असं? नारळ बरे धरलेत का?"

आम्ही दोघी उंबऱ्यातच बसून हसलो. शेवटी मी पदराची गाठ सोडली आणि मणीबेनने दिलेला मिठाचा खडा यांच्या तळहातावर ठेवला.

"हे धरलंय," मी म्हणाले.