दिवाकरची काचपट्टी

काचपट्टीवर लाल काड्या दिसल्या. मी मायक्रोस्कोपमध्ये तीनदा पाह्यलं. पट्टी माझ्या पोराच्या शौचाची होती, अन्‌ मी ती जनावरांच्या दवाखान्यात रंगवली होती.

मूल गावाजवळच्या त्या दवाखान्यात मी परिचर होतो. शिकलो चौथी, पण शेणाची पट्टी रंगवायले डॉक्टर मलेच हाक मारत. रिटायर झालो तरी तिथं मले कोणी अडवत नाई. गाईले जोन्सची बिमारी होते. गाय चारा खाते, ताप नसते, पण महिनोन्‌महिने पातळ हगते अन्‌ वाळत जाते. त्या बिमारीचे जंतू रंगवलेल्या पट्टीवर लाल काड्यांसारखे दिसतात, बाकी सारं निळं.

माहा पोरगा दिवाकर मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवते. त्याचंही तसंच झालं. जेवण बरोबर, पण दिवसातून आठ-दहा वेळा जाणं. जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाई. एकदा समोर वाघीण बसली होती, पर्यटक फोटो काढून राह्यले होते, अन्‌ यानं गाडी फिरवून गेट गाठलं. गाडीमालक म्हणाला, पहिले बरा हो, मंग ये.

नागपूरच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. टीबी नाही, क्रोन्स आहे म्हणाला. म्हणजे शरीराची जंतूंशी लढणारी फौज आपल्याच आतड्यावर उलटते. ती फौज दाबायच्या गोळ्या दिल्या.

"जंतू कोणता हाये साहेब?"

"नक्की सांगता येत नाही. गाईच्या जोन्सच्या जंतूवर काहींचा संशय आहे. पण सिद्ध झालेलं नाही."

हाये का नाई? मले काही समजलं नाई. जंतू असन तर फौज दाबायची काऊन? म्हणून मी पट्टी रंगवली. काड्या दिसल्या, अन्‌ घरी येऊन म्हटलं, "गोळ्या बंद कर."

"बाबा, डॉक्टरले विचारू ना एकदा."

"त्यानं माह्याएवढं शेण पाह्यलं का?"

पोरानं ऐकलं. दहाव्या दिवशी शौचातून रक्त पडाले लागलं. नागपूरले भरती केलं. डॉक्टरले दाखवायची म्हणून मी पट्टी आणाले दवाखान्यात गेलो. तिथल्या नव्या डॉक्टर मॅडमनं ती पाह्यली.

"भाऊ, पट्टी कोणत्या पाण्यानं धुतली?"

"टाकीच्या. बाटलीतलं शुद्ध पाणी संपलं होतं. आपल्या इथी नेहमीच संपते."

त्यांनी कोरी पट्टी घेतली. तिच्यावर काहीच न लावता रंगवली, त्याच टाकीच्या नळाखाली धुतली.

"आता पाहा."

कोऱ्या पट्टीवर तशाच लाल काड्या.

"पाण्यात, मातीत असे जंतू असतातच भाऊ. लाल दिसला म्हणजे जोन्सचाच, असं नसते."

"म्हणजे दिवाकरले तो जंतू नाई?"

"तेही ह्या पट्टीवरून सांगता येत नाई."

डॉक्टरले सांगताना माझी मान खाली होती. तो रागावला नाई. "गोळ्या किती दिवस बंद होत्या?" एवढंच विचारलं. इलाज पुन्हा सुरू केला. चार महिन्यांनी दिवाकर परत जिप्सीवर बसला. ही बिमारी जंतूनं होते का, हे मले आजही कोणी धड सांगत नाई.

एक गोष्ट मात्र कळली. पहिले कोरी पट्टी रंगवावी. मी उभ्या नोकरीत एकदाही रंगवली नव्हती. माह्या पट्ट्यांवरून लोकांनी गाई कळपातून काढल्या. त्यातल्या किती खरंच बिमार होत्या, ते आता कोणाले विचारू?